नाटकांच्या हंगामातला नाताळ

झाडीपट्टीत नाताळ येतो तो नाटकांच्या ऐन हंगामात. धान कापून, चुरून घरात आलेलं असतं, बांध्या मोकळ्या झालेल्या असतात आणि दिवाळीनंतर सुरू झालेल्या मंडया, म्हणजे गावजत्रा, गावोगाव फिरत असतात. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. 24 डिसेंबरला आमची मध्यरात्रीची मिस्सा सुरू होते, तेव्हा एखाद्या वर्षी चार बांध्यांपलीकडच्या तंबूत पहिला अंक रंगात आलेला असतो. देवदूतांचं गाणं आम्ही म्हणत असतो आणि मधल्या शांततेत पलीकडचा ऑर्गन ऐकू येतो. आमची उपासना दीड-दोन तासांत आटोपते. त्यांचा पडदा पडायला पहाट होते.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, दंडार, खडी गंमत असे लोकनाट्याचे प्रकार मुरलेले होते. त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेलं हे नाटक. याच पट्ट्यातल्या वडसा गावी नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात, तारीख घेतात, तंबू ठोकतात. आज या गावात, उद्या त्या. तालमी बेताच्याच, त्यामुळे पडद्याआडचा प्रॉम्प्टर सावध लागतो. गाणी जिवंत, वाद्यं जिवंत. गावात पाहुणे येतात, मुलामुलींच्या सोयरिकीही याच दिवसांत निघतात.

मला नवल वाटतं ते एका साध्या गोष्टीचं. डिसेंबरच्या थंडीत, चादर लपेटून, उघड्या जमिनीवर माणसं रात्रभर बसतात कशी? आमच्याकडे प्रवचन वीस मिनिटांवर गेलं की मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू होते. तंबूतलं तंत्र जवळून बघावं. आईचा हंबरडा फुटतो, बायका पदरानं डोळे पुसतात, आणि त्या ओल्या डोळ्यांवरच विनोदी पात्र धडकतं. मग लावणी. मग ‘वन्स मोअर’. एकच भाव फार वेळ ताणायचा नाही, पण जो घ्यायचा तो तळापर्यंत घ्यायचा. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर आहेत. एका माणसात आठशे माणसं! या आकड्याशी मी दर वेळी थबकतो.

बरं, हा हंगाम चालतो चंद्रावर. दिवाळीच्या अमावस्येला उघडतो, होळीच्या पौर्णिमेच्या आसपास मिटतो. नाताळ सूर्याच्या हिशेबानं चालणारा, म्हणून त्याची तारीख ठाम. ईस्टर मात्र चंद्राचा सण. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. हा हिशेब यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून आला. तो सण पौर्णिमेचा, आणि येशूला क्रुसावर दिलं ते त्याच दिवसांत. म्हणजे होळी मार्चच्या अखेरीकडे सरकली की होळीची आणि ईस्टरची पौर्णिमा बहुधा एकच होते. 2024 मध्ये 24 मार्चला होळी पेटली आणि 31 मार्चला ईस्टर झाला. त्याच्या पुढच्या वर्षी होळी 13 मार्चला, तर ईस्टर थेट 20 एप्रिलला, म्हणजे पुढच्या चंद्राचा. यरुशलेमेतला वल्हांडण आणि वडशाची शेवटची बुकिंगं एकाच चंद्राकडे बघून ठरावीत, हे मला अजून पचलेलं नाही.

आमच्या मिस्सेची कुळकथाही काही कमी लांबची नाही. 1962 साली रोमनं चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, भागाची जबाबदारी केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवली. आज या धर्मप्रांताचं कॅथेड्रल बल्लारपूरला आहे, कोळशाच्या आणि कागदाच्या गावात. या चर्चची जुनी उपासना सिरियाक भाषेत. ती येशू जी अरामी बोलत असे तिच्याच कुळातली. आणि गंमत अशी, की त्याच 1962 मध्ये केरळात ही उपासना सिरियाक सोडून मल्याळममध्ये आली. दूरच्या रानात जायला निघालेल्या चर्चनं त्याच वर्षी घरात लोकांची भाषा धरली.

मराठीत तर ही वाट साडेतीनशे वर्षं आधीच मळलेली होती. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण गाऱ्हाणं घालतो: जुनी पुराणं तुम्ही सोडायला लावलीत, आता मन रमवायला आम्हाला दुसरं पुराण तरी द्या. मला ही मागणी फार मोलाची वाटते. माणसाला सिद्धांत मिळाला होता, संध्याकाळ मिळाली नव्हती. स्टीफन्सनं ती दिली, हजारो ओव्यांत. 1616 मध्ये हे पुराण रोमन लिपीत छापलं गेलं, आणि ओवी मात्र तीच, जी ज्ञानदेवांपासून मराठी कानांत बसलेली.

पुढे ना. वा. टिळक. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबल ठेवलं. ती गाडी गोंदियावरूनच गेली असणार. तिथूनच आज आमच्या वडशाची लाईन फुटते. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी येशूला अभंगात गायलं, भजनांत गायलं. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनही तोवर रुळलेलं होतं. टाळ-मृदंगाच्या साथीनं येशूची कथा ऐकणाऱ्या लोकांना आपण काही उसनं घेतलंय असं वाटलं नसेल. ते त्यांचंच होतं.

उसनवारी दुसऱ्या बाजूनंही झाली. 1910 च्या सुमारास दादासाहेब फाळके मुंबईच्या एका तंबू-थिएटरात येशूच्या जीवनावरचा चित्रपट बघत बसले होते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि मनात मात्र कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. मग पत्नीला घेऊन ते पुन्हा बघायला गेले. 3 मे 1913 ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतीय सिनेमाची ठिणगी नाझरेथच्या सुताराच्या कथेतून उडाली, आणि ती पेटली हरिश्चंद्राच्या रूपात. ख्रिस्ती माणूस म्हणून याचं मला वैषम्य वाटावं का? मुळीच नाही. उलट, कथेत दम असला की ती दुसऱ्याच्या घरातही दिवा लावते, हे बघून बरं वाटतं.

एक कुरबूर मात्र आहे. सिनेमाच्या चालीवर भजन बांधायची आपल्याकडे जुनी सवय. देवळांत आहे, आमच्यातही शिरली आहे. फायदा उघड आहे: पहिल्या ओळीपासून सगळे गातात. पण चालीबरोबर पडद्यावरचा नायकही आत येतो आणि ‘आलेलूया’ म्हणताना डोळ्यांपुढे बर्फात पळणारी जोडी उभी राहते. टिळकांनी अभंग घेतला तेव्हा त्याच्यासोबत तुकाराम आले. सोबत कोण येतंय हे बघून चाल निवडावी, एवढंच माझं म्हणणं. तरुण मंडळींना ते पटत नाही, आणि पेटी त्यांच्याच हाती आहे.

तंबूत बसलो की मला लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय आठवतो. झाडीपट्टीची सामाजिक नाटकं पाहणाऱ्याला ती गोष्ट नवी वाटणारच नाही: धाकटा मुलगा वाटणी मागतो, परमुलखात उधळतो, डुकरं राखायची पाळी येते, चिंध्या लेवून घरी परततो, म्हातारा बाप धावत जाऊन गळ्यात पडतो. तिथे तंबू हमसून रडेल. पण येशूची गोष्ट तिथे थांबत नाही. थोरला मुलगा शेतावरून येतो, घराजवळ पोचतो आणि त्याला आतलं गाणं-बजावणं आणि नाच ऐकू येतो. तो चाकराला विचारतो, हे काय चाललंय? कारण कळल्यावर रागावून दाराबाहेरच उभा राहतो. आयुष्यभर नेकीनं राबलेला, एक आज्ञा न मोडलेला मुलगा. बाप बाहेर येऊन त्याची मनधरणी करतो. तो आत गेला की नाही, हे लूक सांगतच नाही.

वडशाच्या एकाही कंपनीनं असा शेवट खपवून घेतला नसता. प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.