एकाच ताग्यातल्या दोघी

अबू धाबीच्या लूव्र संग्रहालयात १४ फेब्रुवारी ते १८ मे २०१९ या काळात डच चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यातली बरीच चित्रं टॉमस व डॅफ्ने कॅप्लन या ज्यू दांपत्याच्या लायडन संग्रहातली. ती तिथे पोहोचली, पण इस्रायली पासपोर्टावर आपल्या लोकांना तेव्हा जाता येत नव्हतं. करार झाला सप्टेंबर २०२० मध्ये. तोवर प्रदर्शन केव्हाच उठलं होतं! म्हणून आम्ही त्यातली दोन चित्रं छापील प्रतींवरच पाहिली.

दोन्ही व्हर्मीरची, वहीच्या पानाएवढी. पॅरिसच्या लूव्रमधलं ‘लेस विणणारी’ सुमारे १६७० चं. पिवळ्या पोशाखातली मुलगी मान खाली घालून लेस विणते आहे. हातातले धागे ताठ आणि स्पष्ट. शेजारच्या उशीतून ओघळणारे लाल-पांढरे धागे मात्र रंग सांडल्यासारखे पुसट. तिचं लक्ष जिथे आहे, तेवढंच आपल्यालाही नीट दिसतं. लायडन संग्रहातली दुसरी तरुणी व्हर्जिनल नावाचं वाद्य वाजवताना थेट आपल्याकडे बघते. तज्ज्ञांनी कॅनव्हास तपासले, तर दोन्ही एकाच ताग्यातून कापलेले निघाले.

विणणारीजवळ फितींचं एक लहान पुस्तक बंद ठेवलेलं आहे. ते बायबल किंवा प्रार्थनेचं पुस्तक असावं, असं जाणकार मानतात. त्या काळी डच घरांत विणकाम ही सद्गुणी स्त्रीची खूण समजली जाई. म्हणजे पुस्तक मिटलेलं असलं तरी प्रार्थना चालूच आहे, असा अर्थ आम्ही लावतो.

आपल्याला हे परकं नाही. शब्बाथच्या रात्री आपण ‘एशेत हायिल’ म्हणतो, त्यातही कातणाऱ्या हातांची वाखाणणी आहे. पण खरं सांगायचं तर, आपण गुण गातो तेव्हा ती बाई बहुधा स्वयंपाकघरात रस्सा गरम करत असते. ऐकणार कोण? वाजवणारीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण ती आपल्याकडे बघते. मान खाली घातलेलीकडे आपणच बघावं लागतं. व्हर्मीरने तिची स्तुती केली नाही, तो नुसता थांबून बघत राहिला.

तेव्हा येत्या शुक्रवारी ‘एशेत हायिल’ सुरू करण्याआधी आतल्या बाईला हाक मारा, बसायला खुर्ची द्या. रस्सा थोडा निवला तरी चालेल.