सागरतटावरील विवाह : वास्तूचे नियम आणि घराचे नियम

विवाहस्थळाची निवड हा एकेकाळी फारसा विचाराचा विषय नव्हता. वधूपक्षाचे गाव, समाजाची वाडी किंवा धर्मशाळा आणि वर्षानुवर्षे ओळखीचा आचारी एवढ्यात सारे ठरून जाई. आज आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली मुंबई-पुण्याबरोबरच लंडन, दुबई आणि अँटवर्प येथेही स्थिरावली आहेत. दोन्हीकडच्या नातलगांना एकत्र आणणारे तिसरेच ठिकाण शोधण्याची वेळ अनेक घरांवर येते. अशा वेळी समुद्रकाठची एखादी ऐतिहासिक, उद्यानांनी वेढलेली वास्तू मनात भरते. छायाचित्रे पाहून तारीख ठरते, आगाऊ रक्कमही भरली जाते आणि अडचणींचा विचार त्यानंतर सुरू होतो.

वास्तविक अशा विवाहाच्या आखणीत दोन नियमावल्या समोरासमोर येतात. एक त्या वास्तूची आणि दुसरी आपल्या घराची. दोन्ही आधी शेजारी ठेवून वाचल्या, तर पुढील बहुतेक प्रश्न निर्माणच होत नाहीत. हे नेमके कसे करावे, ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका प्रसिद्ध वास्तूच्या उदाहरणाने पाहू.

नऊ उद्यानांचा व्हिला

नीस आणि मोनाको यांच्या दरम्यान काप-फेरा नावाचे एक चिंचोळे भूशिर समुद्रात शिरले आहे. त्याच्या माथ्यावर गुलाबी-पांढऱ्या रंगाचा ‘व्हिला एफ्रुसी द रोथशिल्ड’ उभा आहे. युरोपातील विख्यात रोथशिल्ड या सराफी घराण्यातील बेआत्रिस यांनी १९०५ मध्ये ही जागा विकत घेतली. तेव्हा येथे उघडा खडक होता. तो सुरुंगांनी फोडून सपाट करण्यात आला, माती आणून पसरण्यात आली आणि १९१२ पर्यंत वास्तू पूर्ण झाली. प्रासादामागील मुख्य उद्यान लांबट असून दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो. त्यामुळे आपण जहाजाच्या डेकवर उभे आहोत, असा भास होतो. बेआत्रिस आपल्या माळ्यांना खलाशांच्या टोप्या घालायला लावत, त्यामागे हीच कल्पना होती.

आज येथे नऊ उद्याने आहेत. फ्रेंच उद्यानात लांब जलाशय आणि संगीताच्या तालावर उडणारी कारंजी आहेत, तर त्याच्या टोकाला उंचवट्यावर एक छोटे गोलाकार मंदिर आहे. त्याखेरीज स्पॅनिश, फ्लोरेंटाइन, जपानी, निवडुंगांचे आणि गुलाबांचे अशी उद्याने आहेत. एका उद्यानात जुन्या इमारतींची कोरीव दगडी शिल्पे मांडली आहेत. १९३४ मध्ये बेआत्रिस यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार वास्तू आणि त्यातील कलासंग्रह फ्रान्सच्या ललितकला अकादमीकडे गेला. दिवसा हे संग्रहालय असते आणि पर्यटकांची वेळ संपल्यावर ते खासगी समारंभांसाठी दिले जाते.

आपल्या वाचकांना या घराच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी वाटेल. बेआत्रिस यांचा विवाह १८८३ मध्ये मॉरिस एफ्रुसी या धनाढ्य सावकारी घराण्यातील गृहस्थाशी झाला होता. पतीच्या जुगाराच्या कर्जापायी तो संसार १९०४ मध्ये मोडला आणि त्यानंतरच हा व्हिला बांधला गेला. एवढे वैभव उभारूनही बेआत्रिस येथे फार थोडा काळ राहिल्या.

पहिला हिशेब सूर्यास्ताचा

आपल्या घरांच्या नियमांत रात्रिभोजनत्यागाला पहिले स्थान आहे. परदेशातील समारंभांत भोजन बहुधा रात्री उशिरा वाढले जाते. मग चौविहार पाळणारी ज्येष्ठ मंडळी सात समुद्र ओलांडून आपल्याच नातवंडांच्या लग्नात उपाशी राहतात. यजमानाला याहून मोठी खंत कोणती असेल?

हा प्रश्न तारखेच्या निवडीतच सुटू शकतो. नीस येथे जूनच्या मध्यास सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या सुमारास होतो. सप्टेंबरअखेरीस तो सव्वासातच्या आसपास होतो, तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पाच वाजताच सूर्य मावळतो. आपल्याकडील विवाहसराई कार्तिकानंतर जोरात असते. पण त्या काळात या किनाऱ्यावर सायंकाळच्या समारंभात सूर्यास्तापूर्वी भोजन होणे अशक्यच. याउलट चातुर्मासापूर्वीचे ज्येष्ठ-आषाढातील मुहूर्त येथे सोयीचे ठरतात. त्या सुमारास आपल्याकडे उकाडा किंवा पाऊस असतो आणि तेथे गुलाबांचा बहर असतो.

तरीही वेळ मोजूनच घ्यावी. उन्हाळ्यात पर्यटकांसाठी दरवाजे सायंकाळी सात वाजता बंद होतात असे धरले, तर पाहुण्यांचा प्रवेश सव्वासातला होईल. भोजन पावणेआठला सुरू करून नऊपर्यंत आटोपता येईल. या दोन तासांत विधी, अक्षता आणि पंगत हे सारे बसणार नाही. म्हणून सप्तपदीपर्यंतचे विधी त्याच दिवशी सकाळी हॉटेलच्या हिरवळीवर किंवा दिवाणखान्यात करावेत आणि व्हिलामध्ये प्रथम भोजन, मग स्वागत व संगीत असा क्रम ठेवावा. भोजन आधी आणि समारंभ नंतर हा क्रम तेथील व्यवस्थापकांना अपरिचित असतो. तो करारातच वेळेसह लिहून घ्यावा.

स्वयंपाकघराच्या चौकशा

अशा वास्तूंत बहुधा ठरावीक यादीतील केटररच स्वयंपाक करू शकतात. बाहेरचा आचारी चालेल का, त्याला तेथील स्वयंपाकघर वापरता येईल का, स्वतंत्र भांडी मिळतील का, हे पहिल्याच पत्रात विचारावे. अँटवर्पमध्ये हिरे-व्यापाराच्या निमित्ताने जैन समाज दीर्घकाळ स्थायिक आहे. त्यामुळे युरोपात जैन पद्धतीचा स्वयंपाक जाणणारे लोक शोधणे तितके कठीण नाही. तेथील नातलगांचा सल्ला येथे मोलाचा ठरतो.

फ्रेंच आचाऱ्याला ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही. तेथील सूप व सॉसचा पाया कांदा, गाजर आणि सेलरी यांचा असतो. अनेक चीजमध्ये प्राणिज रेनेट असते, गोड पदार्थांत जिलेटिन आणि अंडी असतात. युरोपीय कायद्याने १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. त्यांत अंडी, दूध आणि सेलरी येतात. मात्र कांदा, लसूण, बटाटा, जिलेटिन आणि रेनेट त्या यादीत नाहीत. म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत नावानिशी लिहून द्यावी व प्रत्येक पदार्थाची सामग्री लेखी मागवावी.

प्रदेशाची चव मुळीच घेता येणार नाही, असे मात्र नाही. नीसचा ‘सोका’ हा पदार्थ हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचा असतो. आपल्या बेसनाच्या धिरड्याचा तो सख्खा भाऊच म्हणावा. टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी ही तेथील उन्हाळ्याची भाजी आहे. आपल्या पंगतीत या पदार्थांना सहज स्थान मिळेल.

येथून काय न्यावे, याचेही नियम आहेत. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास मनाई आहे. अर्थात घरचे तूप आणि माव्याची मिठाई विमानतळावरच टाकून द्यावी लागेल. विड्याची पाने, आंब्याची डहाळी, झेंडूच्या माळा यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अननस, केळी, खजूर, नारळ आणि ड्युरियन या पाच फळांना मात्र त्यातून सूट आहे. म्हणजे श्रीफळ निर्वेध जाईल, तोरणाची फुले तेथेच घ्यावी लागतील. फुलांची तेथे वाण नाही. सुगंधी द्रव्यांसाठी प्रसिद्ध असलेले ग्रास हे गाव जवळच आहे आणि नीसच्या जुन्या भागातला फुलबाजार नावाजलेला आहे.

अग्नी, हळद आणि अक्षता

संग्रहालय असलेल्या वास्तूत खिळा ठोकणे, चिकटपट्टी लावणे, उघडी ज्योत पेटवणे यांना सामान्यतः परवानगी नसते. दक्षिण फ्रान्सचा उन्हाळा कोरडा असतो आणि वणव्यांची भीती असल्याने उघड्या अग्नीवर कडक बंधने असतात. होमाचा प्रश्न म्हणूनच सर्वांत आधी विचारावा. ‘बघू, होईल’ अशा तोंडी उत्तरावर विसंबू नये. लेखी परवानगी मिळत नसेल, तर होम सकाळच्या स्थळी करणे शहाणपणाचे.

हळदीचा कार्यक्रमही तेथेच ठेवावा. शतकापूर्वीच्या दगडी फरशीवर पडलेला हळदीचा डाग सहज जात नाही आणि त्याची भरपाई अनामत रकमेतून वळती होते. कुंकू लावलेल्या अक्षता जलाशयात व कारंज्यांत जातात. त्यांच्याऐवजी गुलाबपाकळ्या चालतील का, हे विचारून घ्यावे. पर्यटक बाहेर पडेपर्यंत मंडप उभारता येत नाही, त्यामुळे मोठी सजावट मनातून काढून टाकावी. नऊ उद्याने असलेल्या जागी फुलांच्या भिंती उभारण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्यावर वाचलेला पैसा पाहुण्यांच्या प्रवासाकडे आणि आचाऱ्यांकडे वळवता येतो.

कागदपत्रे आणि हिशेब

फ्रान्समध्ये कायद्याने मान्य असा विवाह केवळ नगरपालिकेत होतो. त्यासाठी वधू-वरांपैकी एकाचा किंवा त्यांच्या आई-वडिलांपैकी कोणाचा तरी त्या गावाशी वास्तव्याचा संबंध असावा लागतो. धार्मिक विधी नागरी विवाहानंतरच व्हावा, असाही तेथील दंडक आहे. म्हणून विवाहाची नोंदणी भारतातच आधी करून प्रमाणपत्र सोबत न्यावे. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये नोंदणी करायची असल्यास ३० दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. हे दिवस वेळापत्रकात धरावेत.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. ज्येष्ठांचे आणि आचाऱ्यांचे अर्ज सर्वांत आधी करावेत. आचारी कामासाठी जात असल्याने पर्यटक म्हणून त्याचा अर्ज करणे योग्य नव्हे. दागिने नेताना भारतातून निघण्यापूर्वी विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात-प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना त्यांवर शुल्काचा प्रश्न उद्भवत नाही.

आपण व्यापारी माणसे. दरपत्रकात कर धरला आहे की नाही, हे आपण प्रथम पाहतो. फ्रान्समधील मूल्यवर्धित कराचा सर्वसाधारण दर २० टक्के आहे. करावाचून दिलेला आकडा स्वस्त वाटून फसगत होऊ शकते. आगाऊ रक्कम आणि अंतिम रक्कम यांच्या दरम्यान आठ-दहा महिने जातात. तेवढ्यात युरोचा भाव हलतो, त्यासाठी काही रक्कम राखून ठेवावी. उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. देयके कोणाच्या नावावरून जावीत, हे सनदी लेखापालांना विचारून ठरवावे. शिवाय मे-जूनमध्ये कान येथील चित्रपट महोत्सव आणि मोनाकोची मोटारशर्यत यांमुळे हॉटेलांचे दर चढतात. ते दिवस टाळावेत.

ठरवण्यापूर्वीची बैठक

आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी दोन्ही कुटुंबांनी एका बैठकीत दोन याद्या कराव्यात. पहिलीत घराचे नियम लिहावेत : सूर्यास्तापूर्वी भोजन, वर्ज्य पदार्थ, होम, ज्येष्ठांसाठी चढ-उताराविना वाट, पहाटे गरम पाणी. दुसरीत वास्तूचे नियम असावेत : प्रवेशाची वेळ, संगीत थांबवण्याची वेळ, केटररची यादी, अग्नी, सजावट, पाऊस आल्यास छताखाली किती माणसे बसतील याचा आकडा. मग एकेक बाब जुळवून पाहावी. जी जुळत नाही, ती कोण सोडणार, हे तेथेच ठरवावे. तरुणांना उद्यानातील स्वागतसमारंभ प्रिय असेल, आजी-आजोबांना चौविहार. योग्य तारीख निवडली तर या दोहोंत विरोध राहत नाही, हे वरील हिशेबातून दिसून येते.

मात्र ज्या वास्तूची यादी आपल्या यादीशी मुळीच जुळत नाही, ती कितीही मनोहर असली तरी सोडून द्यावी. समुद्रकाठी सुंदर घरे पुष्कळ आहेत. आपल्या मुलांच्या विवाहात घरातील सर्वांत वडील व्यक्ती तृप्त मनाने जेवून उठली पाहिजे आणि तिने वधू-वरांच्या मस्तकावर हात ठेवला पाहिजे. स्थळाची निवड यावरूनच व्हावी.