पेट्रोल की डिझेल? आधी वही उघडा!

नवी गाडी घ्यायची ठरली की घरात काय काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. रंग मुले ठरवतात, कंपनी घरची पुरुषमंडळी ठरवतात, मुहूर्त सासूबाई काढतात. आणि आपण? आपण हार आणि पेढे आणायचे! पेट्रोलची घ्यायची की डिझेलची, हे तर आपल्याला कोणी विचारतच नाही. ‘इंजिनातलं तुला काय कळतंय?’ असे म्हटले की विषय संपला.

पण मैत्रिणींनो, खरे सांगू? हा प्रश्न इंजिनाचा थोडा आणि हिशेबाचा फार आहे. आणि आपले घर रोज कुठे जाते, किती फिरते, कशावर किती खर्च होतो, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असते?

गेल्या वर्षी आमची जुनी गाडी अगदीच थकली. नवी घ्यायची ठरली. माझे मोठे भाऊजी कोल्हापूरला असतात, गुळाचा व्यापार करतात. त्यांनी फोनवरच निकाल देऊन टाकला, “डिझेलच घ्या. लिटरमागे तेरा-चौदा रुपये वाचतात, वर ॲव्हरेज जास्त.” आमच्या ह्यांना ते लगेच पटले. शोरूममध्ये दोन्हींचे भाव लिहून मिळाले. मॉडेल एकच, पण डिझेलची गाडी रस्त्यावर यायला दीड लाखाने महाग! पेट्रोलच्या गाडीपुरती आमची तजवीज होती. वरचे दीड लाख आणायचे कुठून? तर लेकीच्या बारावीनंतरच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडायची, असे घाटू लागले. त्या ठेवीत माझ्या अर्धवेळ नोकरीचे कितीतरी पगार साठले होते. माझ्या पोटात गोळाच आला. मी म्हटलं, “आठ दिवस थांबा. मी जरा हिशेब करून बघते.”

त्या आठ दिवसांत जे कळले, ते तुमच्यापुढे मांडते. उद्या तुमच्या घरी हाच प्रश्न आला तर उपयोगी पडेल.

दोन इंजिने, दोन स्वभाव

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे तुम्ही पाहिले असेलच. हवा दाबली की ती तापते. डिझेलचे इंजिन याच गोष्टीवर चालते. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली असे पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले, आणि त्याचेच नाव पुढे इंजिनाला आणि इंधनालाही पडले. या इंजिनात हवा साधारण पंधरा-सोळा पट, कधी त्याहूनही जास्त दाबतात. ती इतकी तापते की त्यात डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. पेट्रोलच्या इंजिनात दाब त्यापेक्षा बराच कमी असतो आणि तिथे प्लगची ठिणगी पडावी लागते.

एवढा दाब सोसायचा म्हणजे डिझेलचे इंजिन दणकट, जड आणि म्हणून महाग असणार. त्या बदल्यात ते हळू फिरतानाही जोर लावते. माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी घाट चढते तेव्हा हा जोर कळतो. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा थोडी जास्त ऊर्जा असते आणि ती वायाही कमी जाते. म्हणून ॲव्हरेज चांगले मिळते. पेट्रोलची गाडी शांत, हलकी, घ्यायला स्वस्त आणि सांभाळायला सोपी. दोघींचेही गुण आहेत. घरातल्या दोन सुनांसारखे म्हणा ना! एकीला दुसरीचे काम सांगितले की तक्रारी सुरू होतात.

‘डिझेल स्वस्त’ ही जुनी गोष्ट

आपल्या मनात ‘डिझेल म्हणजे स्वस्त’ हे पक्के बसले आहे, आणि त्याला कारणही तसेच होते. शेतकऱ्याचा पंप आणि ट्रॅक्टर, एस.टी., मालाचा ट्रक हे सगळे डिझेलवर. म्हणून सरकार त्याचा भाव मुद्दाम खाली ठेवत असे. २०१० साली पेट्रोलचे भाव मोकळे सोडले, पण डिझेलचे नाही. त्यामुळे मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले तेव्हा डिझेल ४१ रुपयांच्या आतच होते. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! त्या काळात ज्यांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या त्यांचे काही चुकले नाही.

पण ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भावही मोकळे झाले आणि फरक आटत गेला. जून-जुलै २०२० मध्ये तर दिल्लीत काही आठवडे डिझेल पेट्रोलपेक्षा महाग होते! २०२५ साली मुंबईत पेट्रोल सुमारे १०४ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये होते. म्हणजे फरक आहे, पण पूर्वीचा नाही.

दुसरा बदल १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ हे धुराचे नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करायला गाडीत जास्त यंत्रणा घालावी लागते, म्हणून डिझेलच्या गाड्यांचा खर्च आणखी वाढला. मारुती सुझुकीने तर तेव्हापासून डिझेलच्या गाड्या विकणेच थांबवले. छोट्या गाड्यांत आता डिझेल शोधूनच काढावे लागते. मोठ्या गाड्यांत मात्र ते अजून मिळते. आपल्या महाराष्ट्रात डिझेलच्या खाजगी गाडीवर वाहनकरही पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे. बारा लाखांच्या गाडीवर हे झाले चोवीस हजार रुपये!

आता वही काढा

पहिला प्रश्न: आपली गाडी महिन्याला किती किलोमीटर फिरते? अंदाजाने सांगू नका. अंदाज नेहमी फुगलेला असतो. आमचे हे म्हणाले, “हजार तरी होतच असतील.” मी जुन्या गाडीचे सर्व्हिसिंगचे कागद काढले. त्यावर दर वेळचे किलोमीटर लिहिलेले असतातच. वर्षाकाठी भरले सहा हजार! शाळा, बाजार आणि दवाखाना साताऱ्यातल्या साताऱ्यात. महिन्यातून एकदा कराडला माझ्या माहेरी. दोन महिन्यांनी एखादी पुण्याची फेरी आणि मे महिन्यात कोकण. झाले.

दुसरा प्रश्न: गाडी लिटरला खरोखर किती जाते? जाहिरातीतला आकडा धरू नका. तो तपासणीच्या ठरावीक परिस्थितीत काढलेला असतो. ती गाडी वापरणाऱ्या दोघा-तिघांना विचारा, आणि आपल्यासारख्याच रस्त्यांवर चालवणाऱ्यांना विचारा. आजकाल पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरते. तेही धरा.

माझ्या चौकशीत पेट्रोलच्या गाडीला १५ आणि डिझेलच्या गाडीला २० किलोमीटर असे आकडे आले. मग भागाकार केला. १०४ ला १५ ने भागले, तर किलोमीटरला सुमारे ६ रुपये ९३ पैसे. ९० ला २० ने भागले, तर साडेचार रुपये. म्हणजे डिझेलवर दर किलोमीटरला २ रुपये ४३ पैसे वाचतात.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: वरचे दीड लाख वसूल व्हायला किती फिरावे लागेल? दीड लाखाला २.४३ ने भागा. उत्तर येते जवळजवळ ६२ हजार किलोमीटर! वर्षाला सहा हजार फिरणाऱ्या आम्हांला त्यासाठी दहा वर्षांहून जास्त लागणार. लेक तोवर नोकरीला लागलेली असेल!

आणि हे झाले रोख पैसे दिले तर. तेच दीड लाख ९ टक्के व्याजाने पाच वर्षांच्या कर्जात घातले, तर व्याजाचेच सुमारे ३७ हजार होतात. मग ६२ हजारांचे ७७ हजार किलोमीटर होतात. जास्त किमतीच्या गाडीचा विमाही सहसा जास्त असतो, तो वेगळाच.

हाच हिशेब मी भाऊजींसाठीही करून पाहिला. ते व्यापारासाठी महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरतात, तेही बहुतेक हायवेवर. त्यांचे दीड लाख अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल! म्हणजे त्यांचा सल्ला खोटा नव्हता, तो त्यांच्या घरासाठी खरा होता. आपण तो आपल्या घराला लावायला निघालो होतो, एवढेच.

गाळणी तुंबते तेव्हा

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट आहे, आणि ती विकणारा आपणहून क्वचितच सांगतो. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी एक गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. आपली चहाची गाळणी कशी चोथ्याने भरते, तशी ही काजळीने भरते. गाडी मोठ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात वीस-पंचवीस मिनिटे चालली की नळी तापते, काजळी जळून जाते आणि गाळणी मोकळी होते. पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालली, तर नळी तापतच नाही.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंकडे हेच झाले. डिझेलची गाडी, आणि घर ते शाळा अडीच किलोमीटर. एक दिवस समोर पिवळा दिवा लागला. ‘बघू रविवारी’ म्हणून दोन आठवडे काढले. मग गाडी जोर धरेना. गॅरेजचे बिल बाईंच्या महिन्याच्या पगाराच्या वर गेले! म्हणून डिझेलची गाडी असेल तर आठवड्यातून एकदा तिला हायवेवर फिरवून आणा. हा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लगेच करा. काही डिझेल गाड्यांत डीईएफ नावाचे युरियाचे द्रावणही वेगळे भरावे लागते, तेही घेण्याआधीच विचारून ठेवा.

धुराविषयी म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो असे जाहीर केले. नव्या गाड्यांत गाळणीमुळे काजळी पुष्कळच कमी झाली आहे. पण गाळणी तुंबली म्हणून ती काढूनच टाका, असे सुचवणारे महाभाग भेटतात. त्यांचे मुळीच ऐकू नका. त्या धुरामागून आपलीच मुले शाळेत जात असतात.

मग कोणी काय घ्यावे?

गाडी मुख्यतः गावातल्या गावात फिरणार असेल, वर्षाला दहा हजारांच्या आतच चालणार असेल, तर डोळे झाकून पेट्रोलची घ्या. वर्षाला अठरा-वीस हजारांच्या पुढे जाणार असाल, रोज लांबचा रस्ता असेल, माणसे भरून घाट चढायचे असतील किंवा गाडी मोठीच हवी असेल, तर डिझेलचा विचार जरूर करा. मधल्या आकड्यांत असाल तर वरचा भागाकार तुमचे भाव आणि तुमचे किलोमीटर घालून करा. सी.एन.जी. किंवा विजेची गाडी दाखवली तरी तोच हिशेब: वरचे पैसे किती, किलोमीटरमागे बचत किती, आणि आपण फिरणार किती.

जाता जाता एक सूचना. पंपावर काय भरायचे ते दर वेळी मोठ्याने सांगा आणि नळीकडे लक्ष ठेवा. चुकून दुसरेच इंधन भरले गेले, तर गाडी सुरू करू नका, किल्लीही फिरवू नका. ढकलत बाजूला घ्या आणि मेकॅनिकला बोलवा. टाकी रिकामी करून घेण्यावर भागते. सुरू केली तर मात्र खर्च कुठल्या कुठे जातो, आणि डिझेलच्या गाडीत पेट्रोल गेले असेल तर फारच.

आठव्या दिवशी मी वहीचे ते पान ह्यांच्यापुढे ठेवले. ह्यांनी दोनदा आकडे तपासले आणि काही न बोलता पानाचा फोटो भाऊजींना पाठवला. मला धाकधूक, मोठ्यांचा शब्द मोडला असे तर वाटणार नाही ना? संध्याकाळी भाऊजींचा फोन आला, “पेट्रोलचीच घ्या. आणि वहिनींना म्हणावं, माझ्या पुढच्या गाडीचा हिशेबही त्यांनीच करायचा.”

गाडी आली, हार घातला, पेढे वाटले. ठेव जिथल्या तिथे आहे. लेक आता अकरावीत आहे.