मालवत्या दिव्यांचा ‘शोले’

‘शोले’ म्हणजे अमेरिकन ‘वेस्टर्न’ची नक्कल, असे म्हणून नाक मुरडणारे रसिक आमच्या बडोद्यातही पुष्कळ आहेत. उसनवारी खोटी नाही. सर्जिओ लिओनी यांच्या १९६८ च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये एक कुटुंब मारले जाते, अखेरच्या बालकावर पिस्तूल रोखले जाते आणि गोळीच्या आवाजातूनच आगगाडीची किंकाळी उमटते. रमेश सिप्पींनी १९७५ मध्ये हीच युक्ती ठाकूरच्या अंगणात आणली. बालकाचा मृत्यू इथेही दिसत नाही. दिसते ती आगगाडी. त्या वर्षीच्या चित्रपटांसाठीच्या पारितोषिकांत ‘शोले’ला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलक मा. स. शिंदे यांना लाभले, ते उगाच नव्हे.

पण प्रेतांवरची पांढरी वस्त्रे वाऱ्याने उडू लागतात, तेथे उसनवारी संपते. तोच पांढरा रंग पुढे विधवा राधेच्या अंगावर राहतो. रामनगरचे खडक, घोडे, धूळ हे सारे वेस्टर्नचे. दिवेलागण मात्र आपली. राधा सज्जातून एकेक दिवा मालवीत जाते, खाली पायरीवर जय बाजा वाजवीत बसलेला असतो. संवाद नाही. छायालेखक द्वारका दिवेचा यांना हवा तसा संधिप्रकाश रोज थोडाच वेळ मिळे. या एवढ्याशा प्रसंगाच्या चित्रीकरणास सुमारे वीस दिवस लागले, असे सांगतात. दोन माणसांमधले ते अंगणभर अंतर मला चित्रपटातील सर्व गोळीबारापेक्षा मोठे वाटते.

हे मला प्रथम उमगले ते माझ्या आत्यामुळे. विसाव्या वर्षी वैधव्य आलेली आत्या दांडिया बाजारातील आमच्या घरी माजघरातच वावरली. मी दहाएक वर्षांचा असताना, हट्टाने तिला ‘शोले’ला नेले. परतताना आम्ही मुले गब्बरच्या नकला करीत होतो. आत्या गप्प होती. शेवटी जय मरतो आणि राधा खिडकी लावून घेते, हे आमच्या ध्यानातही नव्हते.

घर जवळ आल्यावर मी विचारले, “आत्या, आवडला का गं सिनेमा?”

“मारामारी फार आहे रे,” ती म्हणाली. “पण खिडकी कशी लावतात, ते त्यांनी बरोबर दाखवलंय.”