बावीस हजार बेकरेलची बातमी

जून २०१७. जपानमधल्या ओआराईच्या अणुसंशोधन केंद्रात २६ वर्षं बंद असलेला एक डबा तपासणीसाठी उघडला. आतली प्लास्टिकची पिशवी फुटली आणि प्लुटोनियमची भुकटी खोलीभर उडाली. तिथल्या पाच कर्मचाऱ्यांपैकी एकाच्या फुफ्फुसात २२,००० बेकरेल (म्हणजे सेकंदाला २२,००० विघटनं होतील इतकं) प्लुटोनियम असल्याची बातमी जगभर गेली. दुसऱ्या दिवशी चिबाच्या किरणोत्सर्ग-वैद्यक संस्थेत पुन्हा मोजलं, तर फुफ्फुसात प्लुटोनियम सापडलंच नाही!

प्लुटोनियमचे अल्फा कण छातीबाहेर येत नाहीत. बाहेर येतात ते १३ ते २० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे दुबळे क्ष-किरण, तेही शंभर विघटनांमागे चार-पाच. त्यातले १७ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण छातीच्या मांसात दर सहा मिलिमीटरला निम्मे होतात. म्हणून यंत्रापर्यंत पोचलेल्या मोजक्या किरणांना मोठ्या आकड्याने गुणावं लागतं. भुकटी कातडीवरच चिकटलेली असेल, तर किरणांना अडवणारं काही नसतं. गुणाकार मात्र होतोच. ओआराईत हेच घडलं.

किरण टिपणाऱ्या जर्मेनियमच्या शोधकाची (डिटेक्टरची) खरी किंमत इथे कळते. जुन्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाला या किरणांचा एकच उंचवटा दिसतो. तयार कानाचा श्रोता शेजारशेजारच्या श्रुती वेगळ्या ओळखतो, तसं जर्मेनियम १३.६, १७ आणि २० ही तीन शिखरं वेगळी दाखवतं. छातीतून आलेल्या किरणांत पहिलं शिखर जवळपास नाहीसं झालेलं असतं, कातडीवरून आलेल्यांत ते ठळक असतं. शिखरांच्या उंचीवरून किरण किती खोलवरून आले ते कळतं, ही मला किरणोत्सर्ग मोजण्याच्या क्षेत्रातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

जर्मेनियमचा विषय निघाला की हे मूलद्रव्य सापडण्याआधीच मेंडेलीव्हने केलेलं त्याचं भाकीत सगळे सांगतात. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट हॉलचं नाव क्वचितच निघतं, हा अन्याय आहे. १९६२ साली अर्धवाहक लेसर बनवणारा हा माणूस पुढे अतिशुद्ध जर्मेनियमच्या मागे लागला: लाख कोटी अणूंमागे जेमतेम एखादा परका अणू! त्याआधी लिथियम मिसळलेले शोधक वापरत. ते कायम द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवावे लागत. एकदा गरम झाले की बिघडत. अतिशुद्ध जर्मेनियमला ही थंडी फक्त मोजणीपुरती लागते.

तरीही चिबाच्या मोजणीतलं ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. ओआराईच्या त्या पाचही जणांच्या लघवीत पुढे प्लुटोनियम आढळलं. सर्वाधिक बाधित कर्मचाऱ्याची किरणोत्सर्गाची मात्रा शेवटी १०० ते २०० मिलिसिव्हर्टच्या दरम्यान ठरली.