दहांच्या मोजणीत नसलेल्या बायका

ठाणे जिल्ह्यातल्या ज्यूंचं मोठं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, ते ठाण्यात टेंभी नाक्याजवळचं, १८७९ साली उभारलेलं 'शाआर हाशामाइम', अर्थात स्वर्गाचं द्वार. पूर्वी कोकण किनाऱ्यावर शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवल्यामुळे 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेलेले बेने इस्रायल ज्यू इथे जमतात. त्यांचं घरचं बोलणं मराठीच. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक जण इस्रायलला गेले आणि भारतात आज काही हजारच उरले. एवढ्या थोड्या माणसांच्या बळावर सिनेगॉग चालतं कसं? माझ्या मते ते प्रामुख्याने बायकांच्या बिनपगारी, संघटित श्रमावर चालतं, आणि त्या श्रमाची नोंद समाजाने फारच कमी ठेवली आहे.

पारंपरिक नियमानुसार सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. बायका या दहांत धरल्या जात नाहीत, आणि जुन्या सिनेगॉगमध्ये त्यांची बसायची जागा वरच्या सज्जात असे. पण ज्याला समाज 'सण' म्हणतो तो पोथीपाशी संपत नाही. एलियाहू हन्नावी, म्हणजे एलिया संदेष्टा, यांच्या नावाने होणारा मलिदाच पाहा. पातळ पोहे भिजवायचे, त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा कालवायचा, ताटात मध्ये रास करून भोवती फळं मांडायची आणि मग आशीर्वाद म्हणायचे. लग्न असो, नवस फेडणं असो, मलिदा हवाच. नव्या वर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा आटवायचा, तर तासन्‌तास कढईपाशी उभं राहावं लागतं. हे सारं एका घराच्या आवाक्यातलं नाही, म्हणून बायका एकत्र येतात. मुंबईत बेने इस्रायल स्त्री मंडळ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच उभं राहिलं होतं.

कोणी म्हणेल, स्वयंपाक आणि आवराआवर म्हणजे काही धर्म नव्हे, धर्म प्रार्थनेत असतो. मला हे पटत नाही. बेने इस्रायलांना शेकडो वर्षं रब्बी, म्हणजे धर्मगुरू, मिळाले नव्हते. त्या काळात त्यांची ओळख टिकली ती शनिवारचा विसावा, खाण्याचे नियम, सुंता आणि सण यांवर. यातलं निम्मं काम घरच्या चुलीशी होत होतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशी मंडळं बायकांना स्वयंपाकघरातच डांबतात. हा धोका खरा आहे. पण यावर उत्तर देणारी बाई याच समाजात होऊन गेली. कामा रुग्णालयाच्या अधीक्षक राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन'ची स्थापना करण्यात पुढाकार घेतला. भायखळ्याचं 'रोडेफ शालोम' हे उदारमतवादी सिनेगॉग त्याच चळवळीतून आलं. बाई वैद्यक आणि समाज दोन्ही सांभाळते, तशी ती प्रार्थनेचीही धुरा सांभाळू शकते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवलं. म्हणजे मंडळ मोडणं हा उपाय नाही. मंडळाने उचललेल्या कामाला निर्णयाचा अधिकार जोडणं, हा आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे सरकारदरबारी दखल घेतली गेली. पण कोणत्या सणाला किती मलिदा लागतो, कुठली मराठी भक्तिगीतं कोण म्हणतं, आजारी म्हातारीकडे डबा कोण नेतं, हे त्या कागदांत येत नाही. ठाणे, मुंबई, अलिबाग, पेण, पनवेल इथल्या सिनेगॉगच्या विश्वस्तांनी स्त्री मंडळांच्या जुन्या इतिवृत्त-वह्या शोधून जपाव्यात, वयस्क बायकांच्या तोंडची गाणी आणि पाककृती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि पुढच्या विश्वस्त मंडळात बायकांना मताधिकारासह जागा द्यावी.