सुरय आणि फसवे पाणी

पाण्याने भरलेल्या बादलीत एक नाणे टाका. बाजूने तिरके पाहत काठीने ते टोचून पाहा. काठी बहुधा नाण्याच्या पलीकडे टेकेल. पाण्याबाहेर येताना प्रकाशकिरण वाकतात. म्हणून नाणे असते एकीकडे आणि दिसते दुसरीकडे. हेच प्रकाशाचे अपवर्तन किंवा वक्रीभवन.

मग पाण्यातला मासा टिपणारे पक्षी काय करीत असतील?

नवापूरची रंगावली तापीला मिळते. तापीवर १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा नवापूर तालुक्यापर्यंत आला आहे. अशा विस्तीर्ण पाण्यावर पिवळ्या चोचीचा, दुभंगलेल्या शेपटीचा नदी सुरय घिरट्या घालतो. मासा दिसला की तो क्षणभर हवेत जागच्या जागी पंख फडफडवतो आणि सरळ खाली सूर मारतो. सरळ वरून पाहिल्यास मासा बाजूला सरकलेला दिसत नाही, फक्त वर आल्यासारखा भासतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३; म्हणून ४० सेंटिमीटर खोलीवरचा मासा ३० सेंटिमीटरवर दिसतो. दिशा मात्र चुकत नाही.

पाण्याची दुसरी फसवणूक अधिक गंभीर आहे. ती म्हणजे बदलती पातळी.

हिवाळ्यात आपल्या तलावांवर येणारी सुरयाची एक लहान जात काश्मीरच्या सरोवरांत पाणवनस्पतींवर तरंगते घरटे करते. पाणी चढले की घरटेही चढते. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर दुसऱ्या एका जातीचे सुरय लाटांपासून उंच, कपारींत अंडी घालतात.

नदी सुरयाला असा आधार नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरून वाळूची बेटे उघडी पडली की मादी तेथे उथळ खळग्यात दोन-तीन अंडी घालते. अंडी वाळूसारख्याच रंगाची, वर गडद ठिपके. भर दुपारी आईबाप त्यांच्यावर सावली धरून उभे राहतात. पाणी फारच ओसरले तर बेट काठाला जोडले जाते आणि कुत्री, कोल्हे चालत येतात. वरच्या धरणातून अचानक पाणी सोडले तर साऱ्या वसाहतीची अंडी एका रात्रीत वाहून जातात. जागतिक लाल यादीत हा पक्षी आज ‘असुरक्षित’ गटात आहे.

तुम्ही काय कराल? वाळूवर चालताना सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले, तर आल्या पावली मागे फिरा. अंडी जवळच असतील. पुढच्या उन्हाळ्यात शिक्षकांसोबत काठावर खुणा केलेली काठी रोवा आणि पाण्याची पातळी रोज वहीत लिहा. किती बोटे पाणी चढले की समोरचे बेट बुडते, ते तुम्हांलाच सांगता येईल.